एकराआधी गाव

पौड रस्त्यावर घोटावडे फाट्याशी सकाळी सातच्या सुमारास कोळवण खोऱ्यातून आणि पौडच्या बाजूने आलेल्या दुचाक्या माणमार्गे हिंजवडीकडे वळतात. पुढे घोटावड्यात रिहे खोऱ्यातले लोक त्यांना मिळतात. यांत सुरक्षारक्षक असतात, कॅन्टीनमध्ये काम करणारे असतात, हाउसकीपिंगच्या बायका असतात आणि अलीकडे इंजिनिअर झालेली गावातली मुलंमुलीही असतात. पिरंगुटच्या कारखान्यांची पहिली पाळी धरणारे त्यांच्याही आधी निघून गेलेले असतात. शनिवारी याच रस्त्यावर शहराकडून गाड्या येतात. त्यांतल्या माणसांना जमीन बघायची असते: एकर-दोन एकर, जमल्यास डोंगराकडे तोंड, शक्य तर पाण्याजवळ, आणि मुख्य म्हणजे ऑफिसला रोज जाता येईल इतक्या अंतरावर. ही माणसं एजंटाला बरंच काही विचारतात. जो याच गावात राहतो, ज्याची इथे शेती आहे आणि जो सोमवारी सकाळी त्याच हिंजवडीला जाणार आहे, त्याला मात्र फारसं कुणी काही विचारत नाही.

मला हे नुकसानीचं वाटतं, आणि ते नुकसान आधी विचारणाऱ्याचंच आहे. थोडी जमीन, तिच्यावर घर आणि तिथून रोजची नोकरी हा बेत शहरातल्या माणसाला नवा वाटतो. पुण्याभोवतालच्या तालुक्यांत तो दोन-तीन पिढ्या जगून झालेला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग पिंपरी-चिंचवडचे मोठे कारखाने आले आणि पुढे चाकण, तळेगाव, रांजणगाव. मावळ, खेड, मुळशी, शिरूरमधल्या हजारो घरांतून एक माणूस कंपनीच्या बसने पाळीला जाऊ लागला आणि जमीन घरातच राहिली. या लोकांनी ही जोडणी कशी केली, कशाच्या जोरावर ती टिकली आणि तिची किंमत कुणी दिली, हे समजून घेतल्याशिवाय गावाकडच्या जमिनीचा व्यवहार करू नये असं माझं मत आहे. ते समजून घेतलं तर निवडीचा क्रमच बदलतो. मग किती एकर आणि किती किलोमीटर हे प्रश्न मागे पडतात, आणि कोणतं गाव हा पहिला प्रश्न होतो.

त्यांची घडी बघा. घर गावठाणात असतं, शेत वेगळं असतं. चार एकर असले तरी माणसं शेतात जाऊन राहत नाहीत. आणि वस्ती करून राहिलीच तर भाऊबंदांची तीन-चार घरं जवळजवळ बांधतात. मावळ-मुळशीत पीक भाताचं. भात वर्षभर माणूस मागत नाही; तो ठरावीक आठवड्यांत मागतो, पण तेव्हा सगळे हात एकदम मागतो. पावसाळ्याआधी राब भाजायचा, रोप टाकायचं, आषाढात लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी. कारखान्यात जाणारा माणूस आपल्या रजा याच दिवसांसाठी राखून ठेवतो, पाळी बदलून घेतो, शेजाऱ्याच्या लावणीला जातो म्हणजे शेजारी आपल्याकडे येतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी दिला. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला हा तांदूळ चवीला चांगला आणि उताऱ्यालाही बरा, त्यामुळे पगार असलेल्या घरालाही भात करणं परवडत राहिलं. पगारातून पंप आला, बैल गेले आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला, मुलांची फी भरली गेली; आणि कंपनीत कपात झाली त्या वर्षी घरात तांदूळ तरी होता. नोकरी आणि जमीन यांनी एकमेकींना सांभाळलं.

पण या घडीचा जो आधार आहे त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाळीला गेलेल्या माणसाच्या मागे त्याची आई, बायको, भावजय शेतावर होती. गुरांचं शेण काढणं, रोपांना पाणी, बांधावरचं गवत, डुकरं शिरली की आरडाओरड, विहिरीवरची मोटर बंद पडली तर मेकॅनिकला बोलावणं, हे सगळं तिनं केलं आणि त्यासाठी तिला मजुरी मिळाली नाही. अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर तिचं नावही नाही. एक माणूस बाहेर गेला आणि जमीन तरीही जिवंत राहिली, याचं कारण दुसरं माणूस दिवसभर तिथे होतं. शहरातून येणाऱ्या जोडप्यात बहुधा दोघंही नोकरी करतात. सकाळी आठ ते रात्री आठ घर कुलूपबंद. तेव्हा एक एकर जमीन घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा की बुधवारी दुपारी तीन वाजता या जमिनीवर कोण असणार आहे?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘राखणदार’ असं येतं, आणि ते इतक्या सहज येतं की त्यातला माणूस दिसेनासा होतो. त्याच्याकडे मी पुढे येतो. आधी प्रवासाचं बघू, कारण तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ च्या एका निबंधात मांडलं की माणूस दिवसाला साधारण एक तास प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं तर तो वेळ वाचवत नाही, आणखी लांब राहायला जातो. पायी चालणाऱ्यांच्या जुन्या शहरांपासून मोटारींच्या शहरांपर्यंत त्यांनी हे दाखवलं. पुण्यात आज कित्येकांना शहरातल्या शहरात यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून गावाकडे जाणाऱ्याला वाटतं की तेवढ्याच वेळात आपण मोकळ्या हवेत पोहोचू. नकाशावर कोळवण खोऱ्यापासून हिंजवडी तीस-पस्तीस किलोमीटर आहे. रविवारी ते अंतर रमतगमत कापता येतं. जुलैतल्या मंगळवारी, पाऊस कोसळत असताना, खड्डे, डंपर आणि आयटी पार्कच्या तोंडाशी साचलेली गर्दी यांतून तेच अंतर वेगळं होतं. आणि रात्री साडेनऊला अंधाऱ्या, दिवे नसलेल्या रस्त्यावरून परतताना आणखी वेगळं. गावातला माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. पाळीच्या वेळेला पोहोचायचं तर किती वाजता निघावं लागतं, ते सांगतो. ते ऐकून घ्यावं.

रेल्वेजवळच्या गावांकडे माझा ओढा आहे, तो याच कारणाने. पुणे-लोणावळा मार्गावर १९७८ पासून लोकल धावते. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्थानकं त्या मार्गावर आहेत. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे आंदर मावळ, कामशेतवरून नाणे मावळ आणि पलीकडे पवन मावळ: या तिन्ही मावळांतली माणसं सायकलने, दुचाकीने स्थानक गाठून पिंपरीला, शिवाजीनगरला कामाला जात आली आहेत. दुपारी गाड्यांमध्ये मोठं अंतर पडतं, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. तरीही गाडीचं वेळापत्रक पावसाळ्यात रस्त्याइतकं बिघडत नाही, आणि प्रवासात डोळे मिटता येतात. मुंबईकरांसाठी कर्जत आणि कसारा याच अर्थाने महत्त्वाचे. सीएसएमटीपासून कर्जत रेल्वेने शंभर किलोमीटर आहे. कर्जत-नेरळच्या परिसरातून ठाण्याला, दादरला रोज जाणारी माणसं वर्षानुवर्षं आहेत.

रेल्वेचा आणखी एक फायदा असा की ती एका ऑफिसला बांधलेली नसते. खाजगी नोकरी चार-पाच वर्षांत बदलते, कंपनी आपली जागा बदलते. २०२० नंतर घरून काम करता येतं म्हणून पुष्कळांनी लांब जमिनी घेतल्या आणि मग कंपन्यांनी आठवड्यातले काही दिवस परत बोलावलं. जमीन मात्र जिथे आहे तिथेच राहते. म्हणून अंतर आजच्या टेबलापासून मोजू नये. ज्या दोन-तीन ठिकाणी आपल्याला उद्या काम मिळू शकतं त्या सगळ्यांपासून मोजावं. जिथून एकच ऑफिस जवळ आहे आणि बाकी सगळं दूर, ते गाव कितीही सुंदर असलं तरी नोकरदाराच्या टप्प्यातलं नव्हे.

आणि टप्प्यातलं गाव गाव म्हणून किती काळ राहील? २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यांत सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक आहेत, वाघोली आहे. एका पिढीपूर्वी या गावांच्या शिवारात पिकं उभी होती. ज्याने तेव्हा तिथे शांततेसाठी जमीन घेतली त्याच्याकडे आज किमती जागा आहे, पण त्याला जे हवं होतं ते नाही. पुण्याभोवतीचा रिंगरोड मावळ, मुळशी, हवेली, भोर, पुरंदर, खेड अशा तालुक्यांतून आखला गेला आहे. पुरंदरच्या विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं निश्चित झाली. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्यांचीच जमीन जिथे सुरक्षित नाही, तिथे काल आलेल्याने कायमच्या शांततेची खात्री धरू नये. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (पीएमआरडीए) झोन दाखला काढावा, आखलेल्या रस्त्यांच्या रेषा बघाव्यात, हे झालंच. पण त्यापलीकडे मनाशी ठरवावं की आपण वीस वर्षांचं घर निवडतो आहोत की गुंतवणूक करतो आहोत. गुंतवणूकच करायची असेल तर या लेखातलं फारसं काही लागू पडत नाही. फक्त मग घराची भाषा करू नये, कारण त्या भाषेमुळे गावाच्या अपेक्षा वाढतात.

कागदांकडे आता येऊ. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. कर्नाटकाने २०२० मध्ये ही अट काढून टाकली. गोव्याने उलट दिशेने जाऊन २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन घालणारा कायदा केला. मला गोव्याची दिशा बरोबर वाटते. आपल्याकडे ही अट टिकली म्हणून घाटमाथ्यावरचा भात अजून दिसतो. ती उठली तर शहराच्या पैशापुढे तो दहा वर्षंही तग धरणार नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुष्कळांच्या घरी साताऱ्याला, नगरला, मराठवाड्यात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा सातबारा असतो. त्यांना हा दरवाजा उघडा आहे. इतरांसाठी बिगरशेती झालेला प्लॉट हा सरळ मार्ग आहे. तिसरा मार्ग, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावावर घेणं किंवा दाखला ‘करून देणाऱ्या’ माणसाच्या नादी लागणं, हा घराचा पायाच खोटा घालण्याचा प्रकार आहे.

सातबारा मी एका वेगळ्या नजरेनेही वाचतो. तो मालकीचा कागद खराच, पण त्या गटात कुणाकुणाचं आयुष्य गुंतलं आहे तेही तो सांगतो. इतर हक्कांच्या रकान्यात कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल तर कुणीतरी एकेकाळी कूळ म्हणून ती जमीन कसत होता आणि कायद्याने ती त्याची झाली. आता विकायची तर अटी आणि आकारणीच्या चाळीस पट नजराणा आहे. भोगवटादार वर्ग २ असेल तर मागे सरकारची अट आहे. पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा असेल तर कुठल्यातरी धरणात दुसऱ्या कुणाचं गाव बुडालं आहे. आदिवासी खातेदाराची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेताच येत नाही, आणि ती घेऊही नये. सामाईक खात्यात सात नावं असतील आणि सह्या चौघांच्याच होणार असतील तर उरलेल्या तिघी बहुधा बहिणी असतात. राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींचा हक्क मान्य केला. तरी ‘बहिणी हक्क सोडतील, काळजी करू नका’ हे वाक्य आजही प्रत्येक व्यवहारात ऐकू येतं. त्या बहिणींना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. कायद्याची सावधगिरी म्हणून तर खरंच, पण ज्यांच्या शेजारी आपण राहणार आहोत त्यांच्यातल्या भांडणाचं कारण आपण होऊ नये म्हणूनही.

कायद्याचीच एक बाजू मात्र खटकते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचं किमान क्षेत्र वीस गुंठे आणि बागायतीचं दहा गुंठे असं ठरवलं. शहरी आणि निवासी झोनसाठी ही बंदी अलीकडे सैल झाली, शेतीच्या झोनमध्ये ती आहे. शेतघराची परवानगी हवी तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एकर लागतो. शेतीचे तुकडे होऊ नयेत हा हेतू योग्यच आहे. परंतु रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला खरं तर पाच-सात गुंठेच पेलतात: घर, परसबाग, चार आंबे, दोन फणस, कढीपत्ता, शेवगा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. नियमाने तो एकराकडे ढकलला जातो, एकर गावठाणाला लागून मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणून तो डोंगराच्या कुशीत, वाटेपासून आत जातो. तिथे त्याला वस्ती नसते. उरलेले तीस-पस्तीस गुंठे त्याच्या हातून पडीक राहतात, जे आधी भाताखाली होते.

याला एक वाट आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती मानली जाते. या दोनशे मीटरच्या पट्ट्यात, गावातल्या शेवटच्या घरांच्या शेजारी, लहानसा प्लॉट घेऊन घर बांधावं आणि शेत हवंच असेल तर ते वेगळं घ्यावं किंवा कुणाबरोबर वाट्याने करावं. गावातली माणसंही नेमकं असंच राहत आली आहेत. व्ह्यू मिळणार नाही. शेजारच्या घरातला कोंबडा पहाटे ओरडेल, सप्ताहात स्पीकर लागेल. पण नळ येईल, रस्त्यावर दिवा असेल, रात्री साडेनऊला परतताना कुणीतरी ओट्यावर बसलेलं असेल.

नळ आणि दिवा या लहान गोष्टी नाहीत. सरकारची प्रत्येक सोय गावठाणापर्यंत येते आणि तिथे थांबते. जलजीवन मिशनची पाइपलाइन गावठाणात येते. दीड किलोमीटर आत उभ्या एकट्या बंगल्यासाठी ती कुणी टाकणार नाही, आणि टाकूही नये. विजेचंही तसंच. गावठाणाचा फिडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या थ्री फेज वीजपुरवठ्याचं वेळापत्रक वर्षानुवर्षं काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास असं चालत आलं आहे. शेतातलं घर त्या फिडरवर आलं तर इन्व्हर्टर, सोलर, जनरेटर हे सगळं आपलं आपण करावं लागतं.

पाण्याबद्दल शहरातल्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज हिरवळीमुळे होतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; पुणे शहरात सातशे-आठशे, शिरूरकडे पाचशेच्या आसपास. ऑगस्टमध्ये मुळशीत उभं राहिलं तर इथे कधी पाणी कमी पडेल यावर विश्वासच बसत नाही. पण खाली काळा कातळ आहे, उतार तीव्र आहे, आणि पडलेलं पाणी काही दिवसांत नदीला लागतं. एप्रिल-मेमध्ये याच पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर बायका झऱ्यावरून हंडे आणतात. कातळात बोअर मारलं तर पाणी भेगांमध्ये लागतं, आणि भेग कुठे आहे ते नशिबाचं. लागलंच तर ते बहुधा शेजारच्या विहिरीशी जोडलेलंच पाणी असतं. आपल्या लॉनसाठी खोल उपसलेल्या पाण्याने वस्तीची विहीर आटली अशी तक्रार अनेक गावांत ऐकायला मिळते. लॉन लावू नये, एवढं तरी आपण स्वतःहून ठरवू शकतो. जमीन बघायला जायचं तर वैशाखात जावं, आणि विहिरीत किती पाणी आहे ते वस्तीवरच्या बाईला विचारावं.

उताराबद्दल दोन वाक्यं पुरेशी आहेत. माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. जिथे जेसीबीने डोंगर कापून पायऱ्यांसारखे प्लॉट पाडले आहेत तिथे कागद कितीही स्वच्छ असले तरी घर बांधू नये.

आता त्या राखणदाराकडे येतो. घर दिवसभर बंद, जमीन एकरभर, तेव्हा कुणीतरी लागतंच. फेब्रुवारी-मार्चपासून माळावरचं गवत वाळतं आणि वणवे लागतात. जाळपट्टा आखायला, आग आली की धावायला माणूस लागतो. नवीन लावलेल्या आंब्याला पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. ही कामं करायला येतं ते बहुधा एखादं कातकरी जोडपं, किंवा ज्याने जमीन विकली त्याच्याच भावकीतला कुणी. त्यांना राहायला पत्र्याची एक खोली मिळते. महिन्याची रक्कम ठरते. त्यात पुरुषाचं काम धरलेलं असतं आणि बाईचं तसंच होऊन जातं. शेतकरी घरातल्या बाईच्या ज्या फुकट दिवसांवर जुनी घडी चालली, तेच दिवस इथे दुसऱ्या बाईच्या वाट्याला येतात. हे टाळता येतं. दोघांची मजुरी वेगळी धरावी, आठवड्याची सुटी द्यावी, खोलीला संडास आणि वीज असावी, ठरलेलं लिहून द्यावं. हा खर्च जमिनीच्या किमतीतच धरला पाहिजे, आणि तो धरल्यावर एकर परवडत नसेल तर एकर घेऊ नये. नोकरदाराने किती जमीन घ्यावी याचं याहून चांगलं माप मला माहीत नाही.

रायगड जिल्ह्यात तर प्रश्न याहून खोल आहे. कर्जत, खालापूर, सुधागडमधल्या अनेक कातकरी वाड्या खाजगी जमिनीवर वसलेल्या आहेत. घरांखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, पिढ्यान् पिढ्या ते तिथे राहतात. मुंबईच्या टप्प्यात आल्यामुळे या जमिनींना भाव आला, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने वाडी ही अडचण झाली. गट नंबर ताब्यात घ्यायला गेलेल्या माणसाला तिथे झोपड्या दिसतात तेव्हा ‘त्या हलवून देऊ’ असं त्याला सांगितलं जातं. ज्याला गावात घर हवं आहे त्याने तिथल्या तिथे व्यवहार सोडावा. कुणाचं तरी घर मोडून मिळालेल्या जागेवर आपलं घर होत नाही. हे मी कायद्याच्या अर्थाने म्हणत नाही.

कुंपणाचंही थोडं बोललं पाहिजे. भात निघाल्यावर शिवार गुरांना मोकळं होतं, बांधावरून पायवाटा जातात, कुणाची तरी देवाची जागा गटाच्या कोपऱ्यात असते. गावनकाशावर यातल्या काही वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, बऱ्याच दाखवलेल्या नसतात. जुनी वहिवाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि लोक मागतात. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून रोजच्या वापरात आहे. तारेचं कुंपण घालायच्या आधी गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन बांधावरून एकदा फिरलं, वाट सोडून कुंपण घातलं, तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. दोन फूट जागा जाईल. ती जाऊ द्यावी.

हे सगळं आधीच कसं कळावं? खरेदीखतापूर्वी वर्षभर त्या गावात भाड्याने राहावं. पिरंगुट, पौड, वडगाव, कामशेतच्या परिसरात भाड्याच्या खोल्या आणि घरं मिळतात. नोकरीला तिथूनच जावं. एक पावसाळा रस्त्यावर काढावा, एक उन्हाळा विहिरीवर. मुलांना शाळेत नेऊन सोडावं, कारण घर गावाकडे आणि शाळा शहरात असेल तर पालकासारखाच रोजचा प्रवास मूलही करतं. म्हाताऱ्या आई-वडिलांना बरोबर आणणार असाल तर रात्री दोन वाजता सर्वांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे तेही बघावं. लावणीच्या दिवसांत कुणाच्या तरी वावरात उतरावं. या वर्षात काहींचा बेत बदलेल. काही जण एकराऐवजी आठ गुंठे घेतील, काही जण परत शहरात जातील, आणि तेही योग्यच ठरेल.

जे राहतील त्यांनी एक गोष्ट लवकर करावी: मतदारयादीतलं नाव गावात आणावं. जे फक्त शनिवार-रविवारी येणार आहेत त्यांनी हे करू नये, तो त्यांचा हक्क नाही. पण जो रोज रात्री त्या गावात झोपतो, त्या गावाचं पाणी पितो आणि त्याच्या रस्त्यावरून कामाला जातो, त्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न बोलता ग्रामसभेत बोलावं. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार वेळा ती भरते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास, आणि पाण्याची नवी टाकी कुठल्या आळीत बांधायची हे तिथेच ठरतं.